घर पाहावें विकून

“घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून” ही म्हण आपल्या आजीपणजींच्या तोंडीं नेहमीं असे. ती ज्या काळीं रूढ झाली त्या काळीं घर बांधणें म्हणजे जागा मुक्रर करावयाची, गवंडी-सुतार ठरवावयाचे, विटा-चुन्याचा हिशेब स्वतः ठेवावयाचा आणि दोन पावसाळे धीर धरावयाचा, असा प्रकार होता. आजच्या शहरवासी कुटुंबास घर बांधण्याचा प्रसंग क्वचितच येतो. तें जुनें घर विकतें आणि तयार घर विकत घेतें. म्हणून म्हणीचा अर्थ कायम असला तरी तिच्यांतलें क्रियापद बदलण्याची वेळ आली आहे, असें आम्हांस वाटूं लागलें आहे. घर पाहावें विकून. आणि तेवढ्यानें समाधान न झाल्यास त्याच वर्षीं दुसरें पाहावें विकत घेऊन.

आमच्या कुटुंबानें हीं दोन्ही कामें लागोपाठ केलीं. पुण्याच्या जुन्या पेठेंतला आजोबांचा वाडा विकला आणि कोथरुडाकडे एकाच इमारतींत शेजारशेजारच्या दोन सदनिका घेतल्या. वाडा विकावयाचा असें ठरल्यापासून नव्या घरांत दूध उतूं जाईपर्यंत एकोणीस महिने लागले. ह्या एकोणीस महिन्यांचें रडगाणें गाणें एवढाच हेतु असता तर आम्हीं वाचकांचा वेळ घेतला नसता. तसलीं रडगाणीं घरोघर आहेत. परंतु ह्या काळांत एक गोष्ट आमच्या नीट ध्यानांत आली, आणि ती सांगण्याजोगी आहे. घराच्या व्यवहारांत जो विलंब लागतो तो दोन जातींचा असतो. एक विलंब निव्वळ गैरसोयीचा. त्यानें कोणाचेंच भलें होत नाहीं. दुसरा विलंब कोणाच्या तरी हक्काचें रक्षण करण्यासाठीं असतो. दोन्ही सारखेच त्रासदायक वाटतात, दोन्ही वेळीं आपण कपाळाला हात लावतों, आणि दोन्ही वेळीं कोणी तरी येऊन “एवढें कशाला मनावर घेतां?” असें सांगतो. हे दोन विलंब वेगळे ओळखणें हेंच घर विकणाऱ्याचें व घेणाऱ्याचें खरें काम होय.

प्रथम दलालांविषयीं. वाडा विकावयाचा आहे ही गोष्ट आम्हीं फक्त दोन आप्तांस सांगितली होती. तिसऱ्या दिवसापासून दूरध्वनी वाजूं लागले, आणि महिन्याभरांत सात दलाल घरीं येऊन चहा घेऊन गेले. प्रत्येकाजवळ “पार्टी” तयार होती. पार्टी म्हणजे गिऱ्हाईक, हें आमच्या काकूंस कळावयास थोडा वेळ लागला. त्यांनीं प्रथम किती पानें मांडावयाचीं तें विचारलें. सातांपैकीं पांच जणांची पार्टी एकच होती, हें पुढें उघडकीस आलें.

घर घेतांना हाच अनुभव उलट बाजूनें आला. एकच सदनिका तिघांनीं तीन निरनिराळ्या किंमतींस दाखविली. एकाच्या मतें ती १,१०० चौरस फूट होती, दुसऱ्याच्या मतें ९५०. आणि धाकट्या काकांनीं स्वतः टेप लावून मोजलें तेव्हां ७४० भरली. कोणी खोटें बोलत होता असेंहि म्हणतां येत नाहीं. एकानें जिना, लिफ्ट व गच्ची यांतला वांटा धरला होता, दुसऱ्यानें भिंतींची जाडी धरली होती. सतरंजी अंथरतां येईल तेवढी जागा मात्र कोणींच धरली नव्हती. स्थावर संपदेच्या २०१६ सालच्या कायद्यानें चटई क्षेत्राची व्याख्या ठरवून नव्या प्रकल्पांत तें स्पष्ट सांगणें बिल्डरास भाग पाडलें आहे. जुन्या घरांच्या फेरविक्रींत मात्र टेप आपल्याच खिशांत असलेली बरी.

दलालांची निंदा करणें फार सोपें आहे, आणि म्हणूनच ती करून थांबतां येत नाहीं. त्यांची गरज खरी आहे. विकणारा आणि घेणारा एकमेकांस ओळखत नसतात. त्यांची गांठ घालून देणें हें काम आहे, आणि कामाचा मोबदला मागण्यांत गैर कांहीं नाहीं. दोष आहे तो मोबदल्याच्या रीतींत. बहुधा किंमतीच्या शेंकडा एक किंवा दोन असा तो मोबदला असतो, पुष्कळदां दोन्ही पक्षांकडून घेतला जातो, आणि व्यवहार तडीस गेला तरच मिळतो. ८० लाखांच्या घरावर शेंकडा दोन म्हणजे १ लाख ६० हजार रुपये. व्यवहार मोडला तर कांहींच नाहीं. मग तो रास्त हरकतीनें मोडो वा क्षुल्लक हरकतीनें. ज्याच्या पोटाचा प्रश्न असा टांगलेला आहे त्यास सगळ्या हरकती सारख्याच दिसतात, आणि सगळ्या दूर साराव्याशा वाटतात. ह्यांत त्याच्या स्वभावापेक्षां व्यवस्थेचा भाग मोठा आहे. सरकारनें कांहीं केलें नाहीं असें नव्हे. २०१७ सालापासून नव्या प्रकल्पांतलीं घरें विकणाऱ्या दलालांस नोंदणी सक्तीची झाली, आणि महाराष्ट्रांत २०२३ पासून त्यांस परीक्षाहि द्यावी लागते. पण जुना वाडा किंवा तीस वर्षांपूर्वींची सदनिका यांचे व्यवहार बहुतांशीं त्या शिस्तीच्या बाहेरच राहतात.

“कागद एकदम क्लिअर आहेत, साहेब,” हें दलालांचें आवडतें वाक्य. त्याला जोडूनच दुसरें येतें: “आज विसार दिला नाहींत तर उद्यां दुसरी पार्टी उभी आहे.” ह्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेंत किती कुटुंबें फसलीं असतील! कागद निर्वेध आहेत हें सांगावयाचें कोणीं, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर पुष्कळ सुशिक्षितांसहि ठाऊक नसतें.

सामान्य समज असा, कीं खरेदीखत सरकारी कचेरींत नोंदलें म्हणजे सरकारनें आपल्या मालकीवर शिक्का मारला. वस्तुस्थिति तशी नाहीं. १९०८ च्या नोंदणी कायद्यानें आपल्या देशांत दस्त नोंदला जातो, मालकी नोंदली जात नाहीं. अमुक मनुष्यानें तमुक मनुष्यास अमुक कागद अमुक दिवशीं लिहून दिला, एवढीच ग्वाही ती कचेरी देते. लिहून देणारा खरोखर मालक होता कीं नाहीं, याचा निवाडा करण्याचा अधिकार दुय्यम निबंधकांस नाहीं. २०२५ सालीं तमिळनाडूंतल्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें हेंच पुन्हां स्पष्ट केलें. मिळकत पत्रिकेवर किंवा सातबारावर नांव असणें हीहि मालकीची अखेरची साक्ष नव्हे. त्या नोंदी मुळांत सरकारी साऱ्याच्या सोयीसाठीं. दक्षिण ऑस्ट्रेलियांत रॉबर्ट टॉरेन्स यांच्या खटपटीनें १८५८ पासून निराळी पद्धत आहे. तेथें सरकारी पुस्तकांत ज्याचें नांव, तोच मालक, आणि त्याची हमी सरकारची. आपल्याकडे तशी हमी नसल्यामुळें मालकीची सांखळी कडी कडी तपासून पाहण्याचा सगळा भार घेणाऱ्यावर पडतो. वकील तीस वर्षांचा शोध घेतात तो ह्याच कारणानें. गहाण सोडवून घेण्याची मुदत १९६३ च्या मुदत कायद्यानें तीस वर्षांची आहे. त्यापूर्वीं ती साठ वर्षांची होती. तेवढ्या काळांतला एखादा जुना बोजा जिवंत होऊन दारांत उभा राहूं शकतो.

आतां आमच्या वाड्याकडे वळूं. आजोबांनीं तो १९३८ सालीं स्वकष्टार्जित पैशांनीं घेतला. मूळ खरेदीखत १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरांत पेटीसकट भिजलें आणि त्याचा लगदा झाला. नदीकांठच्या पेठांतल्या पुष्कळ घरांची हीच कथा आहे. परंतु नोंदलेल्या दस्ताची प्रत सरकारी पुस्तकांत राहते, आणि तिची प्रमाणित नक्कल मिळूं शकते. ती मिळाली, पण तिच्या मागचें, आजोबांच्या आधींच्या मालकाचें खत मोडींत निघालें. घरांत इतके पदवीधर असून तें वाचणारा एकहि नव्हता. मोडी जाणणारे गृहस्थ शोधून त्यांच्याकडून देवनागरी करून घेण्यांत पांच आठवडे गेले. दलाल म्हणाला, “जुनें बाड आहे, कोण पाहतो?” घेणाऱ्याच्या वकिलांनीं पाहिलें, आणि योग्य केलें. त्या खतांत वाड्याच्या मागच्या बोळावर शेजाऱ्यांचा जाण्यायेण्याचा हक्क लिहून ठेवलेला होता. तो विक्रीच्या कागदांत न येता, तर नव्या मालकानें बोळ बंद केला असता आणि शेजाऱ्यांस न्यायालयांत जावें लागलें असतें.

मोठा प्रश्न पुढेंच होता. मिळकत पत्रिकेवर नांव अजून आजोबांचेंच. ते १९७१ सालीं वारले, त्यांनीं मृत्युपत्र केलें नव्हतें, आजी पुढें दहा वर्षांनीं गेल्या. त्यांस तीन मुलगे व दोन मुली. आमचे वडील आज हयात नाहींत. दोन काका आणि दोन्ही आत्या आहेत. व्यवहाराच्या बोलण्यांत मात्र पहिल्या दिवसापासून “तिघे भाऊ” हाच शब्द चालला होता. आत्यांचें नांव निघतांच दलालानें हात झटकले. “त्या लग्न होऊन गेल्या, त्यांचा काय संबंध? तीन भाऊ एवढेच वारस असें एक प्रतिज्ञापत्र करूं. चार दिवसांत काम होईल.”

वाचक-भगिनींनीं हा भाग लक्षपूर्वक वाचावा. मुलींस वडिलांच्या घरांत वांटा २००५ सालीं मिळाला, अशी समजूत सर्वत्र आहे. ती अर्धवट आहे. वडिलांची मिळकत स्वकष्टार्जित असेल आणि ते मृत्युपत्र न करतां वारले असतील, तर १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानेंच विधवा, मुलगे आणि मुली यांस सारखा वांटा मिळतो. लग्न झालें आहे कीं नाहीं हें त्यांत पाहिलें जात नाहीं. राहत्या घराची वांटणी मात्र पुरुष वारसांनीं आपले वांटे करावयाचें ठरवीपर्यंत मुलींस मागतां येत नसे. ती आडकाठी २००५ च्या दुरुस्तीनें काढून टाकली. वडिलोपार्जित एकत्र मिळकतींत मुलीस मुलाप्रमाणें जन्मतःच हक्क मिळाला तो त्याच दुरुस्तीनें, ९ सप्टेंबर २००५ पासून. आणि त्या दिवशीं वडील हयात असण्याची जरूरी नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं निश्चित केलें. महाराष्ट्रानें तर १९९४ सालींच, त्या वेळीं अविवाहित असलेल्या मुलींपुरतें, तें पाऊल उचललें होतें. सारांश, आमच्या वाड्याचे १९७१ पासूनच तीन नव्हे, पांच वांटेकरी होते. आणि आजींचा वांटाहि त्यांच्या पश्चात् पांचांतच गेला.

धाकट्या आत्यांनीं हक्कसोडपत्रावर आनंदानें सही करण्याचें कबूल केलें. त्यांचें सर्व ठीक चाललें आहे, आणि भावांस मदत व्हावी ही त्यांची इच्छा मनापासून होती. थोरल्या आत्यांनीं मात्र कागद ठेवून घेतला. त्या सांगलीस असतात, वय चौऱ्याऐंशी, यजमान जाऊन वीस वर्षें झालीं, घर भाड्याचें. तीन दिवस त्यांनीं तो कागद वाचला आणि चौथ्या दिवशीं म्हणाल्या, “अरे, हक्क सोडायला सांगतां, पण सोडायचा तर तो आधीं हातांत यायला नको का?”

ह्या वाक्याला उत्तर नव्हतें. घरांत मात्र बरीच बोलणीं झालीं. माहेरपण, भाऊबीज, त्यांच्या मुलांचीं शिक्षणें, कोणीं कोणास काय दिलें, हा सगळा जुना हिशेब बाहेर निघाला. तीन सदनिका घेण्याचा बेत होता, तो दोनांवर आला. थोरल्या काकांच्या नातवास स्वतंत्र खोली मिळाली नाहीं, आणि ती कुरकुर अजून ऐकूं येते. आत्यांचा पांचवा वांटा त्यांस मिळाला, आणि त्यांतून त्यांनीं सांगलींतच दोन खोल्यांची जागा स्वतःच्या नांवें घेतली. विजेचें पहिलें बिल आपल्या नांवावर आलें तेव्हां तें त्यांनीं सर्वांस दाखविलें. ह्या सगळ्यास साडेतीन महिने लागले. दलालाच्या वहींत ते साडेतीन महिने “आत्याबाईंची अडचण” म्हणून लिहिलेले असतील. आमच्या मतें सगळ्या व्यवहारांत एवढाच काळ पूर्णपणें सत्कारणीं लागला.

तळमजल्यावर दोन भाडेकरू कुटुंबें होतीं. त्यांतलें एक १९५० पूर्वींपासूनचें. मुंबई भाडे नियंत्रणाचा १९४७ चा कायदा आणि त्याच्या जागीं आलेला महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा यांनीं अशा बिऱ्हाडांस संरक्षण दिलें आहे. तें मालकास जाचक होतें हें खरें. त्यांच्या वर्षभराच्या भाड्यांत वाड्याचीं कौलेंहि परतून होत नसत. तरीपण एका दलालानें “चार महिने नळ बंद ठेवा, आपोआप जातील” असा जो सल्ला दिला, तो ऐकून काकू चहाची कपबशी तशीच आंत घेऊन गेल्या. पाणी-वीज तोडण्यास त्याच कायद्यानें मनाई आहे. पण कायदा नसता तरी ज्या घरांतून साठ वर्षें हळदीकुंकवाचें बोलावणें येत होतें त्या घराचा नळ कोणाच्या हातून बंद झाला असता? अखेर घेणाऱ्यानें नव्या इमारतींत त्या दोन्ही कुटुंबांस जागा देण्याचा नोंदलेला करार केला. आणखी चार महिने गेले. पण तेहि दुसऱ्या जातीच्या विलंबांतले.

नवें घर घेतांना पारडें फिरलें. आतां घाई करणारे विकणारे, आणि कागद मागणारे आम्ही. दोहोंपैकीं एका सदनिकेवर आधींच्या मालकानें घेतलेलें बँकेचें कर्ज होतें. तें केव्हांच फिटलें होतें, परंतु फिटल्याची नोंद कोणींच करून घेतली नव्हती, आणि मूळ कागद अजून बँकेंत पडून होते. “कर्ज फिटलें आहे ना, मग झालें,” असें दलालाचें म्हणणें. आमच्या वकिलांनीं बोजा उतरल्याचा कागद हातीं येईपर्यंत विसार देऊं दिला नाहीं. त्यास सहा आठवडे लागले. साठेखत आणि खरेदीखत यांतला भेदहि त्यांनींच घरांतल्या सर्वांस बसवून समजावून सांगितला. साठेखत म्हणजे पुढें विक्री करूं असें वचन. १८८२ च्या मिळकत हस्तांतर कायद्याप्रमाणें त्यानें मिळकतींत कोणताहि हक्क उत्पन्न होत नाहीं. मालकी जाते ती नोंदलेल्या खरेदीखतानेंच. कुलमुखत्यारपत्रावर घर “विकत” घेण्याची जी वहिवाट कित्येक वर्षें चालू होती, तिनें मालकी मिळत नाहीं असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं बजावलें आहे. तरी तसले सौदे अजून कानावर येतात.

त्या इमारतीची आणखी एक गोष्ट आम्हांस चकित करणारी होती. सदनिका लोकांच्या, संस्था नोंदलेली, आणि इमारतीखालची जमीन मात्र सरकारी दफ्तरांत अजून बिल्डराच्या नांवें! महाराष्ट्राच्या १९६३ च्या सदनिका कायद्याखालच्या नियमांप्रमाणें, दुसरी मुदत ठरलेली नसेल तर, संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत जमीन संस्थेच्या नांवें करून द्यावयाची असते. पुष्कळ बिल्डर ती देत नाहींत. पुढेंमागें वाढीव बांधकामाचा लाभ आपल्याकडे राहावा हें त्यांतलें इंगित. म्हणून २००८ च्या दुरुस्तीनें मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग मोकळा केला, म्हणजे बिल्डर सही करीत नसेल तर संस्थेस सरकारी अधिकाऱ्याकडे अर्ज करून जमीन आपल्या नांवें करून घेतां येते. आम्ही ज्या संस्थेंत आलों तिचा तसा अर्ज पडून होता. तिची फाईल पुढें नेण्याचें काम आतां धाकट्या काकांनीं अंगावर घेतलें आहे. हस्तांतराच्या वेळीं त्याच संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनीं आम्हांकडे “देणगी” मागितली. महापालिकेच्या हद्दींत संस्थेस हस्तांतर शुल्क २५,००० रुपयांहून अधिक घेतां येत नाहीं, असें सरकारी परिपत्रक २००१ पासून आहे. त्याची प्रत पुढें ठेवल्यावर देणगीचा विषय पुन्हां निघाला नाहीं.

आतां पहिल्या जातीच्या विलंबाविषयीं, म्हणजे ज्यांत कोणाचाच हक्क राखला जात नाहीं त्याविषयीं. त्याची जागा मुख्यतः कचेऱ्यांत. एका कागदावर आजोबांचें नांव पूर्ण, दुसऱ्यावर आद्याक्षरांनीं. तो एकच मनुष्य, असें सिद्ध करण्यास तीन खेपा. नोंदणीच्या दिवशीं सकाळीं दहाची वेळ मिळाली होती. अकरा वाजतां यंत्र बंद पडलें, दोन वाजतां सुरू झालें, आणि अंगठा व छायाचित्र देऊन बाहेर पडण्यास साडेपांच झाले. एक्याऐंशी वर्षांचे थोरले काका, गुडघ्यांचे दुखणेकरी, त्यांस जिने चढवून नेलें आणि बाकावर बसविलें. शारीरिक दुर्बलतेमुळें ज्यांस कचेरींत येणें शक्य नाहीं त्यांच्या घरीं जाऊन नोंदणी करण्याची तरतूद १९०८ च्या कायद्यांतच आहे. दलालानें, कचेरींतल्या माणसांनीं, कोणींहि ती सांगितली नाहीं. सांगितली ती शेजारच्या बाकावरच्या एका अनोळखी बाईंनीं, काम संपल्यावर. पुण्यांत आज मुद्रांक शुल्क किंमतीच्या शेंकडा सातच्या घरांत पडतें, आणि घर स्त्रीच्या नांवें घेतल्यास शेंकडा एकाची सूट आहे. नोंदणी फी शेंकडा एक, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. एवढी रक्कम राजभांडारांत भरणाऱ्या म्हाताऱ्या माणसास बसावयास धड खुर्ची मिळूं नये, हें कोणत्याहि कायद्याच्या रक्षणासाठीं नाहीं. येथें चिडणें योग्य आहे, आणि तक्रार लेखी करणेंहि योग्य आहे.

ह्या सर्वांतून आम्हांस जें शिकावयास मिळालें तें असें, कीं घर विकण्याचें काम दलालाच्या दूरध्वनीनें सुरू होत नसतें. तें घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या हयातींतच सुरू झालेलें असतें किंवा राहून गेलेलें असतें. मिळकत पत्रिका काढून तिच्यावर कोणाचें नांव आहे तें पाहणें, वारसांची नोंद करून घेणें, मृत्युपत्र करणें, फिटलेल्या कर्जाचा बोजा उतरवून घेणें, नोंदलेल्या दस्तांच्या नकला काढून ठेवणें, हीं कामें कोणास कांहीं विकावयाचें नसतांना करावीं. तेव्हां घाई नसते आणि शेंकडा दोनावर नजर ठेवून कोणी बसलेला नसतो. मुलींचीं नांवें वारसांच्या यादींत पहिल्याच दिवशीं घालावीं. त्यांस कांहीं सोडावयाचें असेल तर तें त्यांनीं, आपलें काय आहे हें पुरतें कळल्यावर, स्वतःच्या बुद्धीनें सोडावें. दारांत गिऱ्हाईक उभें करून त्यांच्यापुढें कागद सरकवूं नये. वकील आपला असावा, दलालानें आणलेला नसावा. आणि विसार द्यावयाचा तो शोध पुरा झाल्यावर, त्यापूर्वीं नव्हे.

एवढें करूनहि विलंब लागेलच. तो लागला म्हणजे चिडण्यापूर्वीं एकच प्रश्न स्वतःस विचारावा: हें थांबणें कोणासाठीं आहे? यंत्र बंद पडलें म्हणून असेल, “देणगी” हवी म्हणून असेल, आद्याक्षर चुकलें म्हणून असेल, तर खुशाल भांडावें. पण सांगलीच्या म्हाताऱ्या आत्यांसाठीं असेल, तळमजल्यावरच्या भाडेकऱ्यासाठीं असेल, बोळांतून जाणाऱ्या शेजाऱ्यासाठीं असेल, तर दलालास आणखी एक कप चहा द्यावा आणि थांबावें.